टोर्किलचे हातमोजे

ऑल्बोर्गला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं
आणि फ्योर्डवरचा वारा सायकलीला आडवा लागतो.
टोर्किल भिजून येतो. काही न बोलता
हातमोजे काढतो, पिळतो,
आमच्या इन्व्हर्टरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर
वाळत घालतो.

मी म्हणते, टोर्किल, हा प्रयोग आहे, चूल नाही.
तो म्हणतो, सिसेल, तुझी वीज गळतेय तोवर चूलच.

गळती किती, हे काढणं किचकट.
आत गेलेली मोजा, बाहेर आलेली मोजा, वजा करा:
दोन हत्ती तोलून
त्यांच्यामधल्या मुंगीचं वजन सांगण्यासारखं.
म्हणून खरं मोजायचं तर आम्ही त्याला पेटीत कोंडतो,
पेटीभोवती पाणी फिरवतो
आणि पाणी किती कोमटलं ते बघतो.
पाण्याला खोटं बोलता येत नाही.

त्या हिवाळ्यात दहा किलोवॉटमागे एकशेचाळीस वॉट.
मोजे अर्ध्या तासात कडकडीत.

सगळं भांडण दोन स्विचचं.
एक वरचा, एक खालचा, एकाच घरातले.
सेकंदाला साठ हजार वेळा त्यांची पाळी बदलते.
दोघे एकदम लागले तर –
छतात अजून एक काळा तुकडा रुतलेला आहे,
मार्चमधला,
माझ्या कपाळाच्या वीतभर वरून गेलेला.
म्हणून मधे मृतकाळ ठेवायचा.
नव्वद नॅनोसेकंद.
एक गेलेला, दुसरा अजून आलेला नाही.
प्रवाहाला मात्र थांबणं ठाऊक नसतं.
तो शेजारच्या अरुंद डायोडमधून
अंग चोरून पुढे सरकतो
आणि तिथेच जास्त खरचटतो.

हे मी फळ्यावर काढत होते.
टोर्किल कॉइलला तार गुंडाळत होता.
वेढे मोजताना तो कधी बोलत नाही. बोलला.
"मी आणि इंगर असेच. ती इस्पितळात रात्रपाळीला,
मी गोदीत दिवसपाळीला, मोटारी भरायचो.
माझं निघणं आणि तिचं पोचणं, मधे वीस मिनिटं.
आस्गर सहा वर्षांचा. खिडकीत उभा राहायचा,
एक सायकल दिसेनाशी होईपर्यंत,
मग दुसरी दिसेपर्यंत.
तेवढा वेळ घर तोच चालवायचा."
मग विचारलं, "छत्तीस झाले की सदतीस?"
आणि सगळी तार उलगडून
पुन्हा एकपासून.

मी तो काळ कापत गेले.
नव्वदाचे सत्तर, सत्तराचे चाळीस.
सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच आले,
तांब्याची वाट चार मिलिमीटरने आखूड केली,
त्या चार मिलिमीटरांत ख्रिसमस गेला.
फेब्रुवारीत बावीस नॅनोसेकंद.
पेटीतलं पाणी जेमतेम कोमट: साठ वॉट.
नव्याण्णव पूर्णांक चार टक्के.
बोडिलबाईंनी केक आणला, त्यावर आकडा काढलेला,
दशांशचिन्हाच्या जागी एक मनुका.

टोर्किल उशिरा आला, निथळत.
केक खाल्ला. मोजे पात्यांवर घातले.
संध्याकाळी उचलले तर ओलेच.
त्याने उलटेपालटे करून पाहिले,
पात्यांवर तळवा टेकवला, बराच वेळ,
आपण एखाद्या पोराचा ताप उतरला का ते बघतो तसा.
"जमलं गं तुला," म्हणाला,
आणि ओले मोजे तसेच चढवून
अंधारात सायकल काढली.

मी खिडकीतून त्याचा मागचा लाल दिवा पाहिला,
दिसेनासा होईपर्यंत.
मागे वळून मीही तळवा ठेवला.
कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीइतकी ऊब.

दुसऱ्या दिवशी घरून हीटर आणला.
पंधराशे वॉट.
अनुदानाच्या हिशेबात तो कुठे दाखवायचा,
ते अजून ठरलेलं नाही.